इशीचे धनुष्य

मृगया हा शब्द कानी पडताच भारतीय मनासमोर प्रथम उभा राहतो तो कण्वाश्रमाच्या सीमेवरचा दुष्यंत. हरीण टप्प्यात आले आहे, बाण प्रत्यंचेवर चढला आहे, आणि तोच तपस्वी पुढे येऊन सांगतात की हा मृग आश्रमाचा आहे, याला मारणे योग्य नव्हे. राजा बाण उतरवून घेतो. महाभारतातल्या पांडूला हा संयम साधला नाही. रतिक्रीडेत रमलेल्या मृगांच्या जोडीवर त्याने बाण सोडला, आणि मृगरूप घेतलेल्या ऋषीच्या शापाने त्याचे उरलेले आयुष्य ग्रासून टाकले. शस्त्र हाती असताना ते कोठे आवरावे, हा प्रश्न या दोन्ही कथांच्या मुळाशी आहे.

हाच प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेत निराळ्या रूपाने उभा राहिला. ज्या देशाने एकाहून एक सरस बंदुका घडविल्या आणि घरोघरी पोहोचविल्या, त्याच देशात आज दर वर्षी पानगळ सुरू झाली की लाखो माणसे बंदूक घरी ठेवून, धनुष्य घेऊन हरणाच्या मागावर जंगलात शिरतात. धनुष्याने होणाऱ्या शिकारीसाठी तेथे कायद्याने स्वतंत्र हंगाम ठरवून दिलेला असतो. प्रगत शस्त्र सोडून मागासलेले शस्त्र हाती घेण्याची ही ओढ कोठून आली? तिचे सारेच धागे एका ठिकाणी मिळत नाहीत. १८७८ साली मॉरिस थॉम्सन या लेखकाने धनुर्विद्येच्या मोहिनीवर एक पुस्तक लिहून अमेरिकेत या छंदाला चालना दिली होती, आणि पुढच्याच वर्षी तेथे धनुर्धरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. परंतु तो छंद बव्हंशी हिरवळीवर मांडलेल्या लक्ष्यापुरता राहिला. जंगलातल्या धनुष्याचा धागा शोधू गेल्यास तो एका माणसापाशी, आणि त्या माणसाच्या मागे उभ्या असलेल्या एका भयंकर संहारापाशी जाऊन पोहोचतो.

कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात ओरोव्हिल नावाचे गाव आहे. २९ ऑगस्ट १९११ रोजी तेथील खाटीकखान्याच्या आवारात एक अनोळखी मनुष्य सापडला. उपासमारीने तो खंगलेला होता. अंगावर कापडाची एक लक्तरी होती. आप्तांच्या मृत्यूचा शोक पाळणारे लोक जसे केस जाळून आखूड करीत, तसे त्याने ते केलेले होते. त्याची भाषा कोणालाच कळेना, तेव्हा गावच्या अधिकाऱ्याने त्याला तुरुंगाच्या कोठडीत नेऊन ठेवले. वर्तमानपत्रांतील बातमी वाचून कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ वॉटरमन तेथे आले. ‘याना’ नावाच्या आदिवासी जमातीच्या बोलीतील शब्दांची एक यादी त्यांच्याजवळ होती. ते एकेक शब्द उच्चारीत गेले. समोरचा मनुष्य निर्विकार बसून होता. अखेरीस पिवळ्या पाइन वृक्षाला याना लोक ज्या नावाने ओळखत, तो ‘सिविनी’ हा शब्द त्यांनी उच्चारला आणि बसल्या जागी खाटेच्या लाकडी चौकटीवर हात ठेवला. त्याबरोबर त्या माणसाचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांनी परक्या मुखातून त्याला आपल्या भाषेतील एक शब्द ऐकू आला होता.

त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही, कारण परक्यापाशी स्वतःचे नाव उच्चारणे त्याच्या रीतीत बसत नव्हते. अखेर वॉटरमन यांचे ज्येष्ठ सहकारी आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायचे ठरविले. याना भाषेत इशी म्हणजे माणूस. त्याच्या जमातीत तो एकच माणूस उरला होता, हे पुढे उघड झाले.

याना लोकांची ‘याही’ ही दक्षिणेकडील शाखा लासेन पर्वताच्या पायथ्याशी, मिल क्रीक आणि डिअर क्रीक या दोन ओढ्यांच्या खोऱ्यांत राहत असे. डिअर क्रीक म्हणजे हरणांचा ओढा. ओकची फळे कुटून केलेले पीठ, ओढ्यातील सामन मासे आणि डोंगरातील हरणे यांवर या लोकांचे जीवन चालले होते. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढील वर्षापासून लोकांचे लोंढे येऊ लागले. खाणींच्या गाळाने ओढे गढूळ झाले, गुराढोरांनी कुरणे व्यापली, हरणे पांगली. भुकेल्या आदिवासींनी एखादे जनावर मारले की गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळ्या बंदुका घेऊन त्यांच्या वस्त्यांवर तुटून पडत. अशा अनेक मोहिमांचा खर्च त्या काळी राज्याच्या तिजोरीतून भागविला गेला. १८६५ नंतरच्या काही वर्षांत इशीच्या लोकांची एकामागून एक हत्याकांडे झाली. एका गुहेत आश्रय घेतलेली सुमारे तीस माणसे, स्त्रिया आणि मुले यांसह, मारली गेली. ज्या डोंगरांत हे लोक हरणाची शिकार करीत, त्याच डोंगरांत त्यांची शिकार झाली.

वाचलेली मूठभर माणसे सुमारे चाळीस वर्षे लपून जगली. पाऊल उमटू नये म्हणून ती दगडांवरून चालत. धूर दिसू नये म्हणून चूल अगदी लहान ठेवीत. अशा जिण्यात धनुष्याला निराळेच मोल होते. बंदुकीचा आवाज दरीभर घुमतो आणि माणसाचा ठावठिकाणा सांगतो, तर बाण निःशब्द जातो. १९०८ साली जमीन मोजणाऱ्यांची एक तुकडी त्यांच्या शेवटच्या वस्तीवर अवचित येऊन पोहोचली. तिने आजारी म्हातारीला, म्हणजे इशीच्या आईला, इजा केली नाही, मात्र वस्तीतील उपयोगाच्या वस्तू उचलून नेल्या. त्यानंतर आई फार दिवस जगली नाही. इतर दोघे त्या दिवसाच्या पळापळीतच दुरावले होते. पुढील तीन वर्षे इशी त्या डोंगरांत एकटा होता.

सॅन फ्रान्सिस्को येथे विद्यापीठाचे संग्रहालय होते, आणि त्याला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होते. इशी संग्रहालयात राहू लागला. तेथील झाडलोटीचे काम करून तो वेतन घेई, आणि रविवारी येणाऱ्या लोकांना बाणाची टोके कशी घडवितात ते दाखवी. शेजारच्या महाविद्यालयात डॉ. सॅक्स्टन पोप हे शल्यचिकित्सक शिकवीत असत. १९१२ साली दोघांची ओळख झाली. डॉक्टर इशीची प्रकृती पाहत. इशी त्यांना आपल्या भाषेत वैद्य म्हणून हाक मारी. या ओळखीची मैत्री झाली, आणि डॉक्टर रोग्याचे शिष्य बनले.

इशीने पोप यांना प्रथम धनुष्य करायला शिकविले. डोंगरी जुनिपरचे लाकूड निवडायचे, ते नीट वाळवायचे, दगडाने घासून त्याला आकार द्यायचा. सामन माशाची कातडी उकळून खळ करायची आणि हरणाच्या पायांतील चिवट शिरा दातांनी चावून, मऊ करून, त्या खळीने धनुष्याच्या पाठीवर बसवायच्या. प्रत्यंचाही शिरांचीच. असे धनुष्य सुमारे साडेतीन फूट लांब असे आणि ते ओढण्यास चाळीस-पंचेचाळीस पौंडांचा जोर लागे. बाणाची काडी विस्तवाच्या धगीवर सरळ करायची, तिला पिसे बांधायची, आणि ज्वालामुखीतून निघालेल्या काळ्या काचेचे टोक बसवायचे. हे टोक घडविण्याचे हत्यार हरणाच्या शिंगाचे असे. संग्रहालयात इशी बाटल्यांच्या काचेचीही टोके करी. ज्या साधनाने हरीण मारायचे, ते साधन हरणाच्या देहातूनच सिद्ध होत असे. म्हणून मारलेल्या प्राण्यातले फारसे काही वाया जाऊ देणे या लोकांना परवडतच नव्हते.

धनुष्याविषयी त्याचे कडक नियम होते. काम नसताना धनुष्य चढवून ठेवायचे नाही. ते भिंतीला उभे टेकवायचे नाही, कारण उभे धनुष्य विसावत नाही, त्याला घाम येतो आणि ते दुबळे होते. ते आडवे निजवायचे. त्यावरून कोणी ओलांडून जायचे नाही. शस्त्राची पूजा करणाऱ्या आणि पुस्तकाला पाय लागताच नमस्कार करणाऱ्या समाजाला हे नियम परके वाटणार नाहीत.

मग आली प्रत्यक्ष शिकारीची तयारी. पोप यांनी ती बारकाईने टिपून ठेवली आहे. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे आणि तंबाखूही ओढत नसे, कारण हे वास हरणाला फार लांबून येतात. पहाटे उठून तो ओढ्यात स्नान करी, सुवासिक वनस्पतीचा पाला अंगाला चोळी, चूळ भरी, पाणी पिई, परंतु अन्न घेत नसे. काटक्याकुटक्यांत कापड अडकून खसफस होते म्हणून अंगात सदरा घालीत नसे. हरणांच्या वाटेजवळ दगडांचा किंवा झुडुपांचा आडोसा करून तो वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला दबून बसे. कधी पेंढा भरलेले हरणाचे मस्तक डोक्यावर धरून, झुडुपावर किंचित हलवून, तो हरणाचे कुतूहल जागे करी. कधी तो पाडसाच्या आर्त हाकेचा आवाज काढी, आणि तो ऐकून हरिणी जवळ येई. घाई त्याच्या ठायी नव्हती. लक्ष्यावर बाण मारण्याच्या खेळात पोप आणि त्यांचे मित्र त्याला सहज मागे टाकीत, पण जनावराच्या जवळ जाण्यात त्यांतील एकही त्याच्या बरोबरीचा नव्हता. शिकारीचे सारे कौशल्य या जवळ जाण्यातच असते, हा इशीचा पहिला धडा होता.

१९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा लहान मुलगा इशीबरोबर डिअर क्रीकच्या खोऱ्यात जाऊन राहिले. ज्या भूमीतून त्याचे सारे लोक नाहीसे झाले होते, त्या भूमीत इशीने त्यांना वाटा, ओढे, लपण्याच्या जागा आणि हरणांचे माग दाखविले. पुढे दोन वर्षांच्या आत, २५ मार्च १९१६ रोजी, क्षयाने त्याचा अंत झाला. शहरातच त्याला तो रोग जडला होता. त्याच्या देहाची चिरफाड होऊ नये असे क्रोबर यांनी दूरच्या न्यूयॉर्कहून निक्षून कळविले होते, परंतु पत्र पोहोचण्यापूर्वीच शवविच्छेदन उरकले होते. मेंदू काढून घेण्यात आला आणि देहाचे दहन झाले. चितेवर त्याच्यासोबत ओकच्या पिठाची टोपली, थोडा तंबाखू, शिंपल्यांच्या मण्यांचे धन, त्याचे एक धनुष्य आणि पाच बाण ठेवले होते.

पोप यांनी १९१८ साली याही लोकांच्या धनुर्विद्येवर एक शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला आणि १९२३ साली धनुष्यबाणाने शिकार या विषयावर ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ वाचून शेकडो तरुणांनी स्वतःची धनुष्ये घडविली. पोप स्वतः मात्र गुरूची वाट सोडून बरेच दूर गेले. पुरुषभर उंचीचे, इंग्लिश पद्धतीचे यू लाकडाचे धनुष्य त्यांनी पत्करले. आर्थर यंग या मित्राबरोबर १९२० साली त्यांनी यलोस्टोन येथील प्रचंड अस्वले संग्रहालयासाठी मारली, आणि १९२५ साली ते आफ्रिकेत सिंहांवर बाण चालवायला गेले. तेथे मदतीला बंदूकधारी सोबती ठेवावा लागला. इशी पोटासाठी शिकार करीत होता, शिष्य पराक्रमासाठी करू लागला. १९२६ साली पोप निवर्तले. १९६१ साली धनुर्धर शिकाऱ्यांनी काढलेल्या राष्ट्रीय संस्थेला पोप आणि यंग या दोघांचे नाव मिळाले. इशीचे नाव तिच्या पाटीवर नाही.

तथापि धनुष्याला जंगलात खरी जागा मिळाली ती दुसऱ्या एका कारणाने. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातडी यांच्या व्यापारासाठी अमेरिकेत हरणांची अमर्याद कत्तल झाली. रेल्वेने माल शहरांत पोहोचू लागला आणि एकामागून एक गोळ्या सोडणाऱ्या बंदुका स्वस्त झाल्या. १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे साऱ्या देशात पाच लाखांच्या आतच उरली असावीत असा अंदाज आहे. त्याच वर्षी लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या वन्य प्राण्यांचा राज्याराज्यांतील व्यापार बंद पाडला. राज्यांनी शिकारीचे ठराविक दिवस आणि परवाने यांचे नियम कडक केले. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या रक्षणासाठी राखून ठेवले, आणि १९७२ साली धनुष्यबाणही त्या कराच्या कक्षेत आले. आज त्या हरणांची संख्या सुमारे तीन कोटींच्या घरात आहे.

हरणे वाचवायची आणि तरी शिकारीची परंपराही टिकवायची, या विचारात कमी मारणाऱ्या शस्त्राचे महत्त्व एकाएकी वाढले. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली दोन परगण्यांपुरता धनुष्याचा स्वतंत्र हंगाम उघडला. त्याच राज्याच्या विद्यापीठात आल्डो लिओपोल्ड हे वन्यजीव-व्यवस्थापनाचे प्राध्यापक होते. ते स्वतः धनुष्ये घडवीत आणि मुलांना घेऊन हरणाच्या मागावर जात. अनेकदा ते रिकाम्या हातांनी परत येत आणि त्याचे त्यांना वैषम्य वाटत नसे. शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात, त्याच्या वर्तनाचा निवाडा त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धीच करते, हा विचार त्यांनी पुढे आपल्या लेखनात मांडला. यंग यांच्या शिकारीचा चित्रपट पाहून भारावलेल्या फ्रेड बेअर यांनी १९३३ साली मिशिगन राज्यात धनुष्ये बनविण्याचा धंदा सुरू केला, आणि छंदाची हळूहळू चळवळ झाली.

आज विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस नऊ दिवसांचा असतो, तर धनुष्याचा सप्टेंबरच्या मध्यापासून अनेक आठवडे चालतो. पण धनुर्धराची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. रोज ठराविक बाण मारून हात आणि दृष्टी तयार करायची. बाणाची पाती वस्तऱ्यासारखी धारदार करायची, कारण गोळी धक्क्याने मारते तर बाण केवळ कापून, रक्तस्रावाने मारतो. ओकची फळे कोठे गळतात, हरीण कोणत्या वाटेने येते, नराने शिंगे घासून कोणत्या झाडाची साल सोलली आहे, हे महिनोन्‌महिने पाहून ठेवायचे. कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचे. वाऱ्याची दिशा पाहून झाडावर मचाण बांधायचे आणि पहाटेच्या अंधारात तेथे चढून निश्चल बसायचे. पोशाख बदलला, प्रदेश बदलला, परंतु सुवासिक पाला चोळून उपाशीपोटी दबून बसणारा इशी या साऱ्यांत सहज ओळखू येतो.

अशा सकाळी बहुधा काहीच घडत नाही. खार पाने उडवीत जाते, पाखरे जागी होतात, धुके विरते. एखादे हरीण आले तरी ते आडवे उभे राहावे लागते, मध्ये काटकी असू नये, अंतर वीस-पंचवीस पावलांहून अधिक नसावे. यातले एक जरी चुकले तरी प्रामाणिक शिकारी बाण सोडत नाही. बाण लागल्यावरही निदान अर्धा तास थांबून मगच रक्ताच्या खुणांनी माग काढायचा असतो. धनुर्धर हंगामातली बहुतेक वेळ बाण न सोडण्यातच घालवितो. या शिकारीचे आकर्षण बव्हंशी तेथेच आहे. माणसाला पुन्हा एकदा वारा, वास आणि शांतता यांचे भान ठेवून जगावे लागते, आणि प्राण्याच्या इतके जवळ जावे लागते की त्याचा श्वास ऐकू यावा. दुरून केलेल्या हत्येत ती हत्या विसरता येते. वीस पावलांवरून ते शक्य नसते.

या समर्थनाला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवता येत नाही. बाण चुकीच्या जागी लागला तर हरीण जखमी होऊन दूर निघून जाते आणि कोठेतरी तळमळत मरते. त्यामुळे बंदुकीपेक्षा बाण अधिक क्रूर, असे म्हणणारे लोक त्या देशात पुष्कळ आहेत. शिवाय संयमासाठी पत्करलेले शस्त्रही सुखसोयींच्या मोहातून सुटले नाही. १९६६ साली मिसूरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांनी चाकांच्या साहाय्याने ओढ हलकी करणारे धनुष्य शोधून काढले आणि १९६९ साली त्यांना त्याचे एकस्व मिळाले. आज बहुसंख्य शिकारी तसलीच धनुष्ये वापरतात, आणि त्यामुळे बाणाचा पल्ला वाढला आहे. जे अंतर तोडायला इशीला स्नान, उपवास आणि असीम धीर लागत असे, ते आता यंत्र तोडू पाहते. अंतर राखून मारायचे असेल तर बंदूक खाली ठेवण्याला अर्थ काय, हा प्रश्न विचारी धनुर्धरच आज एकमेकांना विचारीत असतात.

इशीची कथा मात्र १९१६ साली संपली नव्हती. त्याचा मेंदू स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात पडून असल्याचे १९९९ साली उघडकीस आले. कॅलिफोर्नियातील आदिवासींनी तो परत मागितला. २००० साली तो त्याच्या नात्यातल्या जमातींच्या स्वाधीन करण्यात आला, आणि दफनभूमीत जपलेल्या अस्थींसह त्यांनी तो त्याच्याच प्रदेशात पुरला. ती जागा त्यांनी गुप्त ठेवली आहे. २०१९ साली कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी आदिवासींवर झालेल्या अत्याचारांबद्दल राज्याच्या वतीने क्षमा मागितली.

ज्या समाजाने इशीच्या लोकांना जनावरांसारखे टिपून मारले, त्याच समाजाला इशीने जनावराची शिकार कशी करावी हे शिकविले. त्यासाठी त्याने कोणाकडे काही मागितले नाही. त्याच्या शिकवणीतले धनुष्य लोकांनी आनंदाने उचलले. त्याबरोबर आलेले नियम किती जणांनी उचलले, हे दर वर्षी हरणांच्या हंगामात, पहाटेच्या अंधारात, कोणी पाहत नसताना ठरत असते.